नव्या ऐतिहासिक कादंबरीच्या ‘साभार पोच’खाली कळीच्या शब्दांची एक ओळ द्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ‘साभार पोच’ या छोट्या सदराची कात्रणे मी वर्षानुवर्षे काढून ठेवत आले आहे, कारण तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला नव्या पुस्तकांची पहिली आणि पुष्कळदा एकमेव खबर तेथूनच मिळते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत एवढी माहिती त्यात असते. पाककृतींच्या किंवा बालगीतांच्या पुस्तकाला ती चालून जाते. ऐतिहासिक कादंबरीला मात्र ती मुळीच पुरत नाही, आणि म्हणूनच या पत्राने मी आपणाला, तसेच आपल्या अंकाच्या द्वारे प्रकाशकांना आणि लेखकांना, एक नेमकी विनंती करीत आहे. नव्या ऐतिहासिक कादंबरीची पोच छापताना तिच्याखाली सहा-सात कळीच्या शब्दांची एक ओळ द्यावी. त्या कादंबरीतले गाव, साल, वस्तू, हुद्दा, धंदा असे हे शब्द असावेत आणि ते लेखकाने स्वतः निवडलेले असावेत.

ही मागणी मला का करावीशी वाटते हे समजण्यासाठी ग्रंथालयात पुस्तकाचे पुढे काय होते ते थोडे सांगणे भाग आहे. पुस्तक दाखल नोंदवहीत चढले की त्याला दशांश वर्गीकरणाचा क्रमांक पडतो. मराठी कादंबरीचा क्रमांक 891.463. कादंबरी पानिपतावरची असो, पुण्याच्या प्लेगवरची असो किंवा आजच्या शहरातील एखाद्या नोकरदार जोडप्याची असो, सगळ्यांना हाच क्रमांक मिळतो आणि सगळ्या एकाच मांडणीवर लेखकाच्या आडनावाप्रमाणे अकारविल्ह्याने उभ्या राहतात. इतिहासाच्या ग्रंथाला प्रदेश आणि काळ यांनुसार जागा मिळते, त्यामुळे मराठ्यांच्या आरमारावर अभ्यासग्रंथ हवा असेल तर वाचक स्वतः कपाटापर्यंत पोहोचतो. आरमारावरची कादंबरी हवी असेल तर मात्र त्याला माझ्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागते. संगणकीय तालिकेत कळीच्या शब्दांसाठी वेगळा रकाना असतो, परंतु चारशे-पाचशे पानांची प्रत्येक नवी कादंबरी वाचून तो रकाना भरणे एक ग्रंथपाल आणि एक लेखनिक एवढ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या ग्रंथालयाला शक्य नसते, आणि तो बहुधा रिकामा राहतो.

गेल्या पावसाळ्यात एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक वर्गणीदार देवघेवीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, “मॅडम, समुद्रावरचं काही द्या आता. किल्ले पुष्कळ झाले.” मी त्यांना दोन जुनी पुस्तके काढून दिली, ती त्यांनी आधीच वाचलेली होती. पुढे काही आठवड्यांनी एक नवी कादंबरी सहज चाळत असताना तिचा निम्मा भाग कोकणच्या किनाऱ्यावर आणि एका गलबतावर घडतो असे माझ्या ध्यानात आले. वल्हवणाऱ्यांच्या पाळ्या, पाण्याची पिंपे, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेली गलबते, सारे काही लेखकाने मन लावून लिहिले होते. ही कादंबरी त्या गृहस्थांनी विचारले तेव्हाही आमच्या कपाटात होती. तिच्या मलपृष्ठावर ‘थरारक’, ‘अपरिचित’, ‘अंगावर रोमांच उभे करणारा’, ‘धगधगता’ हे सगळे शब्द होते, पण गलबत हा शब्द नव्हता, कोकण नव्हते, साल नव्हते आणि समुद्रही नव्हता. मुखपृष्ठावर उगारलेली तलवार होती. हा दोष त्या एका प्रकाशकाचा नाही, कारण तसलाच मजकूर मी निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या पुस्तकांवर वारंवार वाचला आहे, आणि माझी तक्रार त्या सर्वसाधारण पद्धतीबद्दल आहे.

विशेषणांनी कुतूहल जागे होत नाही, हे माझे टेबलावरचे निरीक्षण आहे. जो शब्द दुसऱ्या कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीला तितकाच लागू पडतो, तो वाचकाला या कादंबरीविषयी काहीच सांगत नाही. ‘ज्वलंत’ ही वसईची मोहीमही असते आणि दख्खनचा शेतकरी उठावही असतो. याउलट ‘सुरुंग’ आणि ‘अर्नाळा’ हे दोन शब्द शेजारी छापले की वसईच्या बाजूचा माणूस मान वर करून बघतो, आणि ‘कर्जखत’ व ‘सुपे’ हे शब्द दिसले की बारामती-दौंडकडचा वाचक थबकतो. त्याला त्या घटनेची पूर्ण माहिती असते असे नाही, बहुधा अर्धवटच असते. आजोबांकडून ऐकलेले एखादे नाव, शाळेच्या पुस्तकातली एखादी ओळ, गावाजवळचा एखादा बुरूज एवढेच त्याच्या जवळ असते, आणि तेवढ्याला धक्का लावण्याचे काम नेमके नाम करते.

सुप्याचेच उदाहरण थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजारपेठेचे गाव. 12 मे 1875 रोजी तेथे आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन हिशेबाच्या वह्या आणि कर्जखते मागितली व जाळली. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी, ती ओसरल्यावर सावकारांनी आखडलेला हात, वाढवलेला शेतसारा, या सगळ्याचा शेवट एका कागदाच्या तुकड्यावरच्या अंगठ्यात होतो. कादंबरीकाराला याहून भरीव विषय कोणता मिळणार? तरीही अशी कादंबरी आली आणि तिची जाहिरात ‘शोषितांचा हुंकार’ एवढ्या शब्दांत झाली, तर ती माझ्या तालुक्यातील सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्या वाचकाला शिवणारसुद्धा नाही. त्याऐवजी ‘सुपे, मे 1875, कर्जखत, अंगठा, सावकाराची वही, कापसाची तेजी, चौकशी आयोग’ अशी ओळ छापली, तर तो ते पुस्तक निदान हातात तरी घेईल. ‘अंगठा’ हा शब्द त्यात मी मुद्दाम घातला आहे. गाव आणि साल वाचकाला ठिकाण दाखवतात, पण घरातली, शरीराजवळची एखादी वस्तू त्याला आत ओढते, आणि सहा-सात शब्दांत असा एक तरी शब्द असायलाच हवा असे मला वाटते.

विषय अतिपरिचित असेल तर या ओळीचे महत्त्व आणखी वाढते. पानिपतावर आणखी एक कादंबरी आली म्हटले की वाचक म्हणतो, झाले की आता पुष्कळ. 14 जानेवारी 1761 ही तारीख, विश्वासरावांना लागलेली गोळी, भाऊसाहेबांचे गर्दीत नाहीसे होणे, हे त्याला तोंडपाठ असते. परंतु त्या पराभवाची बातमी माळव्यात नानासाहेब पेशव्यांपर्यंत आली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, 27 मोहरा गमावल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा अर्थाचा तो सांकेतिक मजकूर मराठी माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात आहे. उद्या एखाद्याने पानिपताची कादंबरी या पेढीच्या बाजूने लिहिली, दिल्लीपासून दख्खनपर्यंत हुंड्या वटवणारा मुनीम आणि कागद पोहोचवणारा जासूद यांना मध्यभागी ठेवून लिहिली, तर ती सर्वस्वी नवी कादंबरी असेल. ते नवेपण कळवण्यासाठी ‘आजवर कधीही न सांगितलेले पानिपत’ असे म्हणण्याची गरज नाही, आणि तसे म्हणून कोणी विश्वासही ठेवत नाही. ‘हुंडी, पेढी, मुनीम, जासूद, माळवा, जानेवारी 1761’ एवढे म्हटले की पुरे. किती सैन्य, किती तोफा हे वाचून कंटाळलेला वाचकसुद्धा मुनिमाला पानिपत कसे दिसले असेल या विचाराने थांबेल.

आरमाराचा विषय वर आलाच आहे. कान्होजी आंग्रे, कुलाबा, खांदेरी, समुद्रातून जाणाऱ्या जहाजांना घ्यावी लागणारी दस्तके म्हणजे परवाने, दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि त्यांच्या पुढेमागे चालणारी चपळ गलबते, 1729 मध्ये कान्होजींच्या निधनानंतर मुलांमध्ये पडलेली फूट, आणि 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत जळालेले तुळाजी आंग्रे यांचे आरमार, ही सगळी कथावस्तू किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, आगरी समाजांच्या घरगुती आठवणींना लागून आहे. तांडेल, सारंग, शीड, सुकाणू हे शब्द त्यांच्या आजच्या बोलण्यातले आहेत. हे वाचक पुस्तके वाचत नाहीत, असे प्रकाशनाच्या कार्यक्रमांतून पुष्कळदा खेदाने बोलले जाते. पुस्तकाच्या जाहिरातीत त्यांचा एकही शब्द नसताना त्यांनी ते आपले समजून विकत घ्यावे ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

आता वसईविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण कळीचे शब्द निवडण्यात जबाबदारीचा जो भाग आहे तो तेथे फार स्पष्ट दिसतो. 1737 साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी साष्टीत पाय ठेवला, ठाणे घेतले, आणि दोन वर्षांच्या मोहिमेनंतर, सुरुंगांनी तट फोडून, हजारो माणसे गमावून, मे 1739 मध्ये वसईचा किल्ला घेतला. शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला तहाप्रमाणे शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. या विजयाच्या खुणा म्हणून आणलेल्या चर्चच्या घंटा आजही महाराष्ट्रातील देवळांत आहेत. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांची उठावाची आकृती आहे. शाळेच्या सहलीतली मुले घाटाच्या पायऱ्या उतरून येतात, मान वर करून ती आकृती पाहतात आणि “ही इथे कशी काय?” असे हमखास विचारतात. बरोबरच्या शिक्षकांना उत्तर माहीत असले तर ते सांगतात, नाहीतर मुलांना पुढे नदीकडे नेतात.

वसईच्या मोहिमेवरील कादंबरीसाठी ‘घंटा’ याहून चांगला कळीचा शब्द मला सुचत नाही. तो एकाच वेळी चर्चचा आहे आणि देवळाचा आहे, जिंकणाऱ्याचा आहे आणि गमावणाऱ्याचाही आहे. मात्र अशा कादंबरीची जाहिरात लिहिणाऱ्याच्या हाताशी दुसरे शब्दही तयार असतात. ‘धर्मांध’, ‘सूड’, ‘बाटवाबाटवी’, ‘फिरंग्यांचा नायनाट’ या शब्दांनी लोक जमतात हे खरे आहे, आणि पोर्तुगीज अंमलाखाली धर्माच्या नावाने जाच झाला हाही इतिहास आहे, तो झाकण्याचे कारण नाही. तरीसुद्धा वसई तालुक्यात आज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेला आणि घरात मराठीच्या बोली बोलणारा मोठा समाज आहे. सामवेदी बोलीत, वाडवळ बोलीत त्यांची गाणी आहेत, त्यांच्यातून मराठीचे चांगले लेखक आणि वाचक घडले आहेत. 1739 हे साल त्यांच्याही गावाच्या इतिहासातले आहे, किंबहुना आमच्यापेक्षा त्यांच्या अधिक जवळचे आहे. कादंबरी लिहिताना लेखकाने किल्ल्याच्या आतली माणसेही समजून घेतलेली असतील, आणि बाहेर पुस्तकावर मात्र सुडाची भाषा असेल, तर ज्या वाचकाने ती कादंबरी सर्वांत बारकाईने वाचली असती तोच ती हातात घेणार नाही. कळीचा शब्द काही वाचकांना बोलावतो आणि काहींना दारातूनच परत पाठवतो. कोणाला परत पाठवायचे याचा निर्णय विक्रीच्या घाईत, लेखकाच्या नकळत घेतला जाऊ नये, म्हणून हे शब्द लेखकानेच निवडावेत असा माझा आग्रह आहे.

आग्रहाचे दुसरे कारण खरेखोटेपणाचे आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या जाहिरातीत ‘दडवलेला इतिहास’, ‘संपूर्ण सत्य’, ‘पुराव्यांसह’ असे शब्द आता सर्रास येतात. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून, पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने, आणि रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 भागांत निघालेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांनी, जे काही उजेडात आणले ते छापील स्वरूपात सर्वांसमोर आहे. अजून न वाचलेली मोडी कागदपत्रे दप्तरखान्यांत भरपूर पडून आहेत हे खरे, पण वाचली न जाणे आणि दडवून ठेवणे यांत फरक आहे. शिवाय कादंबरी ही कादंबरी आहे. तिच्यात संवाद लेखकाचे असतात, पात्रांच्या मनातले विचार लेखकाचे असतात, कित्येकदा मुख्य पात्रच कल्पित असते, आणि ते तसे असण्यात कमीपणा कसलाच नाही. मग कळीच्या शब्दांतच ‘कल्पित नायिका’ किंवा ‘कल्पित जासूद’ असे लिहून टाकण्यास काय हरकत आहे? आमच्याकडे शाळकरी मुले आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण ऐतिहासिक कादंबऱ्या इतिहास म्हणून वाचतात आणि त्यातले संवाद वक्तृत्व स्पर्धेत पुरावा म्हणून म्हणून दाखवतात. त्यांच्यासाठी तो एक शब्द फार मोलाचा आहे.

याच संदर्भात छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाच्या वापराबद्दलही लिहिले पाहिजे. कादंबरीचा काळ महाराजांच्या नंतरचा, जागा कर्नाटकातली, महाराजांचा उल्लेख एखाद्या पात्राच्या बोलण्यात दोनदा, आणि जाहिरातीत पहिला शब्द मात्र महाराजांचा, असा प्रकार मला अनादराचा वाटतो. अशाने महाराजांवर वाचायला आलेला वाचक निराश होतो, आणि ज्याला खरोखर त्या पुढच्या काळाबद्दल वाचायचे असते त्याला पुस्तक सापडत नाही. राजाराम महाराजांचा पन्हाळ्याहून जिंजीपर्यंतचा 1689 सालचा वेषांतराचा प्रवास, तेथे मोगलांनी घातलेला आणि 1698 पर्यंत रेंगाळलेला वेढा, हा विषय स्वतःच्या नावाने उभा राहण्याइतका समर्थ आहे. ‘पन्हाळा, वेषांतर, बेदनूर, जिंजी, वेढा, 1689’ हे शब्द पाहून ज्याला हे पुस्तक वाचावेसे वाटेल, तो ते शेवटपर्यंत वाचेल.

काही लेखकांशी या विषयावर बोलले असता त्यांनी अशी शंका काढली की इतके सगळे आधीच सांगून टाकले तर कादंबरीत गोडी काय उरेल. ही शंका सामाजिक किंवा रहस्यप्रधान कादंबरीच्या बाबतीत मला मान्य आहे. ऐतिहासिक कादंबरीचे तसे नाही. सिंहगडावर तानाजी पडणार, पानिपतावर पराभव होणार, 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली जाणार, हे वाचकाला पहिल्या पानाआधीच माहीत असते. शेवट माहीत असूनही तो वाचतो, कारण त्या माणसांनी ते दिवस कसे काढले हे त्याला जाणून घ्यायचे असते. प्लेगच्या पुण्यावरच्या कादंबरीखाली ‘गोरे सोजीर, घरझडती, विलगीकरण, माळावरच्या झोपड्या, 1897’ असे छापले तर त्यात रहस्य फुटत नाही. उलट करोनाच्या टाळेबंदीतून गेलेल्या आजच्या वाचकाला ‘विलगीकरण’ हा एकच शब्द सव्वाशे वर्षे मागे घेऊन जाईल. कल्पित पात्राचे पुढे काय झाले ते मात्र या ओळीत येता कामा नये, आणि तेवढी काळजी लेखक सहज घेऊ शकतो.

हे शब्द कोठे आणि कसे छापले जातात, यालाही आता महत्त्व आले आहे. नव्या पुस्तकाची वार्ता हल्ली बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून एका रंगीत चित्राच्या रूपात येते. त्या चित्रातली अक्षरे डोळ्यांना दिसतात, परंतु ती चित्राचाच भाग असल्यामुळे उद्या कोणी मोबाइलवर ‘विजयदुर्ग कादंबरी’ असा शोध घेतला तर ते पुस्तक समोर येईलच अशी खात्री देता येत नाही. काही प्रकाशक मजकूर पाठवतात तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेला असतो. तो आमच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची गिचमिड दिसते, आणि तालिकेत घालण्यासाठी सारे पुन्हा टंकावे लागते. युनिकोडमध्ये टंकलेल्या एका साध्या ओळीने हे दोन्ही प्रश्न सुटतात. तीच ओळ वृत्तपत्रात छापता येते, ग्रंथालयाच्या तालिकेत जशीच्या तशी चिकटवता येते, आणि पुस्तके विकणाऱ्या संकेतस्थळावरही घालता येते.

स्थळनामांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागेल. मराठी कागदपत्रांत जिंजीचा उल्लेख पुष्कळदा चंदी असा येतो. तंजावर, तंजावूर आणि थंजावूर अशी तीन रूपे आज चालू आहेत. वसईला इंग्रजी कागदांत बॅसीन म्हटले आहे. कादंबरीकाराने त्या काळाला धरून ‘चंदी’ लिहिले असेल तर ते योग्यच आहे, परंतु कळीच्या शब्दांत ‘चंदी’ आणि ‘जिंजी’ दोन्ही असावेत, कारण वाचक आजच्या नावाने शोधणार आहे. तंजावरकडे आणि तमिळनाडूत इतरत्र राहणारी मराठी कुटुंबे, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे ज्यांना ‘बर्गी’ या शब्दाची वेगळीच ओळख आहे अशा बंगालातले मराठी रहिवासी, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील वाचक, हे सगळे आपापल्या गावाचे नाव शोधत पुस्तकापर्यंत येऊ शकतात. पुण्या-मुंबईच्या दुकानाच्या काचेत त्यांना ते पुस्तक कधीच दिसणार नसते.

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ 1871 च्या ‘मोचनगड’पासून मानतात, आणि ती ज्यांनी लिहिली त्या रा. भि. गुंजीकरांनीच ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक उभे केले होते. पुढे हरिभाऊ आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यात क्रमशः येत गेल्या. म्हणजे आपल्या भाषेत या प्रकाराची ओळख वाचकाला नियतकालिकांनीच करून दिली आहे. आज वृत्तपत्रांतली पुस्तकांची जागा आक्रसली आहे, सविस्तर परीक्षण मोजक्याच पुस्तकांच्या वाट्याला येते, हे मी समजू शकते आणि त्याबद्दल आपल्याला दोष देत नाही. मी मागते आहे ती जागा एका ओळीची आहे. परीक्षण येईल न येईल, पण ही ओळ प्रत्येक पुस्तकाला मिळू शकते, मग ते मोठ्या प्रकाशनसंस्थेचे असो वा एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापून काढलेले असो. स्वखर्चाने छापणाऱ्यांना तर तिची गरज सर्वांत जास्त आहे. आपल्याच भागातली एखादी गढी, एखादे घराणे, एखादी विसरलेली लढाई यांवर असे लेखक वर्षे खर्ची घालतात, आणि जाहिरातीला पैसा नसल्यामुळे त्यांचे पुस्तक ओळखीच्या पन्नास घरांपलीकडे जात नाही.

वाचकांनाही यात भाग घेता येईल. कादंबरी वाचून झाल्यावर ज्याला वाटेल त्याने आपले तीन-चार शब्द ग्रंथालयात चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी सोय आम्ही सुरू केली आहे. लेखकाला न सुचलेले शब्द त्यातून येतात. एका आजींनी एका पेशवेकालीन कादंबरीसाठी ‘सोवळे, केशवपन, दुपारची वेळ’ असे लिहून दिले, आणि त्या तीन शब्दांनी ते पुस्तक आमच्या महिला वाचकांमध्ये हातोहात फिरले. त्याच्या मलपृष्ठावर फक्त रणधुमाळी होती. सध्या हे काम चिठ्ठ्यांवर आणि माझ्या वहीत चालले आहे. ते पुस्तकाबरोबरच, पहिल्या दिवसापासून, सगळ्या ग्रंथालयांना मिळावे असे मला मनापासून वाटते.

दिवाळीच्या आगेमागे नव्या पुस्तकांची गर्दी होते. त्यापूर्वी आपण ‘साभार पोच’च्या शेवटी जी सूचना छापता, पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात अशी, तिच्यात एका वाक्याची भर घालावी. ऐतिहासिक कादंबरीसोबत लेखकाने निवडलेले सहा ते सात कळीचे शब्द, त्यांत किमान एक स्थळ, एक साल आणि एक वस्तू, मुख्य पात्र कल्पित असल्यास तसा उल्लेख, आणि स्थळाचे जुने व आजचे नाव, हे युनिकोडमध्ये टंकून ईमेलने पाठवावे, एवढे ते वाक्य असावे. जी ओळ येईल ती आपण छापावी, आणि न आल्यास पोच नेहमीप्रमाणे छापावी. आमच्या ग्रंथालयापुरते बोलायचे तर आपल्या अंकात येणारी अशी प्रत्येक ओळ त्याच आठवड्यात तालिकेत चढवण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, सार्वजनिक ग्रंथालय, जि. सातारा